प्रकल्प नसता तर?

पश्चिम युगांडात होइमा आणि किबाले हे जिल्हे आहेत. तिथले बरेचसे जंगल शेतकऱ्यांच्या खासगी मालकीचे, तुकड्यातुकड्यांत विखुरलेले. चिंपांझींचा आसराही तेच. घरात आजारपण आले किंवा पोरांची फी भरायची झाली, की मालक लाकडाच्या व्यापाऱ्याला बोलावतो, नाहीतर झाडे काढून पेरणीला जमीन मोकळी करतो. २०११ ते २०१३ या काळात एका स्थानिक संस्थेने तिथे करार केले. झाडे तोडू नका आणि हेक्टरी वर्षाला ७० हजार शिलिंग, म्हणजे तेव्हाचे सुमारे २८ डॉलर घ्या. १२१ गावांपैकी ६० गावांना सोडतीने ही योजना दिली, उरलेल्या ६१ गावांत काहीच केले नाही. सगळ्यांची उपग्रहचित्रे मात्र आधी आणि नंतर घेतली.

योजनेतल्या गावांत दोन वर्षांत वृक्षाच्छादन ४.२ टक्क्यांनी घटले. एवढाच आकडा हाती असता तर पैसे वाया गेले, असाच निष्कर्ष निघाला असता. पण ज्या गावांत योजना नव्हती, तिथली घट ९.१ टक्के होती. म्हणजे तोड निम्म्याहून कमी झाली होती. सीमा जयचंद्रन आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास २०१७मध्ये ‘सायन्स’मध्ये आला. जंगल राखण्याच्या कोणत्याही प्रकल्पाला विचारायचा पहिला प्रश्न तिथे नेमका दिसतो. प्रकल्प नसता तर काय झाले असते?

कोस्टारिकात याच प्रश्नाचे उलटे उत्तर मिळाले. तिथल्या संरक्षित क्षेत्रांत जंगल उत्तम टिकलेले दिसत होते. उतार, रस्त्यापासूनचे अंतर, जमिनीचा कस अशा बाबतींत सारख्या असलेल्या असंरक्षित जमिनींशी तुलना केली, तेव्हा कळले की १९६० ते १९९७ या काळात संरक्षण नसते, तरी त्या जंगलापैकी जेमतेम दहा टक्केच तुटले असते. अभयारण्ये बहुतेकदा दूरच्या, चढाच्या जागी घोषित होतात आणि तिथे तशीही कुऱ्हाड सहसा पोचत नाही. अशा अभयारण्याचे मोल नाही असे मी म्हणत नाही, पण सगळे श्रेय त्याच्या खात्यावर मांडता येत नाही.

आणि उपग्रहाला झाडाचा शेंडा दिसतो, माणूस दिसत नाही. युगांडात करार केलेले मालक आपल्या रानावर पहारा वाढवू लागले आणि इतरांना तिथून सरपण नेऊ देईनात. पैसे मालकाला मिळाले. ज्या शेजारणीकडे स्वतःचे रान नाही, तिला मोळीसाठी दुसरीकडे जावे लागणार. गावाच्या सरासरी उत्पन्नात तिची ही पायपीट कुठेच उमटत नाही. म्हणून सामाजिक परिणाम मोजताना भूमिहीन, गुराखी आणि सरपण आणणाऱ्या बायका यांना वेगळे गाठून विचारले पाहिजे, तेही प्रकल्प सुरू होण्याआधी आणि नंतर पुन्हा. ही गोष्ट अहवालाच्या शेवटच्या पानावर ढकलण्याची नाही.

जैवविविधतेचेही तसेच आहे. हिमाचलच्या कांगडा जिल्ह्यात कित्येक दशके सरकारी वृक्षलागवड झाली. तिचा अभ्यास २०२१मध्ये प्रसिद्ध झाला. हिरवे छत्र जवळजवळ वाढलेलेच नव्हते. उलट, चाऱ्यासाठी लोकांना हवी असलेली रुंद पानांची झाडे काहीशी मागे पडली होती. नुसती रोपे मोजून गुरांना चारा मिळतो की नाही, हे कळत नाही.

आपल्याकडे अशा लागवडीचा मोठा फटका माळरानांना बसतो. सोलापूर, नगर, पुण्याचे माळ कागदावर ‘पडीक’ ठरतात आणि तिथे गिरिपुष्पाचे खड्डे पडतात. माळढोक, तणमोर, लांडगा यांना उघडे गवत लागते, आणि धनगरांच्या मेंढ्यांनाही तेच. तिथे उगवलेले प्रत्येक झाड आकडेवारीत जमेला धरले जाते, पण तणमोराच्या आणि मेंढपाळाच्या दृष्टीने ती वजाबाकी असते. महाराष्ट्रात २०१९च्या पावसाळ्यात ३३ कोटी वृक्षलागवडीचे लक्ष्य होते. एवढ्या मोठ्या कामात लागवडीआधी प्रत्येक जागेवरचे गवत, पक्षी आणि चराई यांची नोंद व्हायला हवी. शेजारची तशीच एखादी जागा तुलनेसाठी मोकळी ठेवायला हवी. त्याला लागवडीच्या मानाने खर्च फार नाही. ग्रामसभेतली माणसे आणि जवळच्या महाविद्यालयातले विद्यार्थी मिळून हे करू शकतात.

तुमच्या गावात पुढच्या जूनमध्ये खड्डे खणायला सुरुवात होईल, तेव्हा रोपांची संख्या विचारून थांबू नका. या जागेवर आज काय उगवते, इथे कोण चरते आणि पाच वर्षांनी हे पुन्हा कोण मोजणार आहे, हे ग्रामसभेत विचारा आणि उत्तर इतिवृत्तात लिहून घ्या.