खबऱ्या म्हणजे पोलीस नव्हे
टोळीत शिरलेला पोलीस अधिकारी आणि टोळीतलाच खबऱ्या (पैशासाठी किंवा सवलतीसाठी बातमी पुरवणारा) यांना सिनेमामुळे आपण एकच समजतो. पहिल्याला पगार, वरिष्ठ आणि परतीची वाट असते. दुसऱ्याचा संसारच टोळीत असतो. मुदखेड जंक्शनातून एक फाटा आदिलाबादकडे, दुसरा निजामाबादकडे जातो. सांध्याअलीकडे उभा डबा कुठला, हे तो हलल्यावरच कळते. खबऱ्याचेही तसेच. डेव्हिड हेडली १९९७मध्ये हेरॉइन प्रकरणात पकडला गेला आणि अमेरिकेच्या अमली पदार्थविरोधी खात्याचा खबऱ्या झाला. पुढे त्यानेच लष्कर-ए-तोयबासाठी मुंबईची टेहळणी केली. डिसेंबर २०१५मध्ये मुंबईच्या विशेष न्यायालयाने त्याला माफीचा साक्षीदार (शिक्षामाफीच्या बदल्यात संपूर्ण सत्य सांगण्याचे कबूल केलेला आरोपी) केले. म्हणजे तो निर्दोष ठरला, असे मुळीच नाही. अमेरिकेत झालेली ३५ वर्षांची शिक्षा तशीच राहिली. मग असल्या माणसावर विसंबायचेच कशाला? आक्षेप रास्त आहे. पण बंद दाराआडचे बोलणे दुसऱ्या कुणी ऐकलेलेच नसते. म्हणून साथीदाराच्या साक्षीला स्वतंत्र दुजोरा शोधण्याचा न्यायालयांचा प्रघात आहे: फोनच्या नोंदी, प्रवासाच्या तारखा, हॉटेलचे रजिस्टर यांच्याशी ती ताडून पाहिली जाते.