डहाणूची फुकटची होडी आणि एक निनावी लढाई

विरारहून सुटलेली डहाणू लोकल पालघर, उमरोळी, बोईसर करत वाणगावला येते आणि पुढच्या स्टेशनात रिकामी होते. वाटेतल्या खाड्या पुलावरून कधी मागे गेल्या, हे मोबाइलमधून मान वर न काढणाऱ्याला कळतही नाही. सुमारे एकोणीसशे वर्षांपूर्वी याच किनाऱ्याने उत्तरेला निघालेल्या व्यापाऱ्याला मात्र दर मजलेला पाणी आडवे येई, आणि पाणी आले की होडीचे पैसे आले. नाशिकच्या पांडवलेण्यांत दहाव्या क्रमांकाच्या लेण्यातला एक लेख सांगतो की इबा, पारदा, दमणा, तापी, करबेणा आणि दाहनुका या नद्यांवर उषवदाताने फुकट होड्या ठेवल्या. दमणा म्हणजे दमणगंगा, पारदा म्हणजे पार आणि दाहनुका म्हणजे आपले डहाणू.

हा उषवदात शक होता. क्षहरात क्षत्रप नहपानाचा जावई. भडोच, दशपूर, गोवर्धन आणि शूर्पारक, म्हणजे आजचे सोपारे, इथे त्याने धर्मशाळा बांधल्या. गावे, नारळाची झाडे, रोख रक्कम असे बरेच काही दान दिले. या दानांची यादी नीट पाहिली तर तो एका राज्याचा नकाशाच आहे. पश्चिम किनाऱ्याची बंदरे आणि त्यांना घाटमाथ्याशी जोडणारे रस्ते सासरे-जावयांच्या हाती होते. हा नकाशा एका युद्धाने फाडला. त्या युद्धातल्या रणांगणाचे नाव मात्र कुठेच कोरलेले नाही.

प्राचीन जगातल्या निर्णायक लढाया म्हटले की आठवणारी नावे ठरलेली असतात. एडवर्ड क्रीझी या इंग्रज लेखकाने १८५१ मध्ये जगातल्या पंधरा निर्णायक लढायांवर पुस्तक लिहिले. मॅरेथॉनपासून वॉटर्लूपर्यंतच्या त्या यादीत भारतातली एकही लढाई नाही. मॅरेथॉनला इ.स.पूर्व ४९० मध्ये अथेन्सची १९२ माणसे पडली, हा आकडा हिरोडोटसने लिहून ठेवला. आपल्याकडे हिरोडोटस नव्हता. आपल्याकडे होते ते दगडावर कोरलेले दानलेख, तांब्याचे पत्रे आणि नाणी. लढाईचे वर्णन त्यांत क्वचितच सापडते. पण लढाईनंतर जमीन कुणाची झाली, हे त्यांच्याइतके चोख कुणी सांगत नाही.

१९०६ साली नाशिकजवळच्या जोगळटेंभी गावात चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. तेरा हजारांहून अधिक नाणी, सगळी नहपानाची. त्यातल्या नऊ हजारांहून अधिक नाण्यांवर दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला होता. असे एक नाणे तळहातावर घेऊन तिरपे धरले की दोन्ही राजवटी एकदम दिसतात. खाली नहपानाचा चेहरा, नाकाची रेघ, कडेची ग्रीक वळणाची अक्षरे. आणि त्यांच्यावरच ठोकलेला सातवाहन राजा गौतमीपुत्र सातकर्णीचा त्रिकूट पर्वत. दुसऱ्या अंगाला सातवाहनांचे उज्जैन चिन्ह. नाणी वितळवून नवी पाडायला वेळ लागतो, भट्टी लागते. जेत्याने जुन्याच चांदीवर आपले चिन्ह ठोकले आणि नाणी पुन्हा बाजारात सोडली. बाजारात बसलेल्या माणसाला राजा बदलल्याची बातमी अशी थेट हातात मिळाली.

दुसरा पुरावा जमिनीचा आहे. पांडवलेण्यांतल्या तिसऱ्या लेण्यात गौतमीपुत्राच्या अठराव्या राज्यवर्षाचा लेख आहे. विजयी सैन्याच्या तळावरून निघालेल्या या हुकमाने काखडी गावातले दोनशे निवर्तने शेत भिक्षूंना मिळाले. हे शेत आजवर उषवदाताकडे होते, अशी सरकारी नोंदही त्यातच आहे. जावयाचे शेत जप्त झाले, म्हणजे सासऱ्याचे राज्य बुडाले. सहा वर्षांनी, चोविसाव्या वर्षी, त्याच लेण्यात पुढची नोंद झाली. ते शेत कुणी कसत नाही, गावही वसत नाही, म्हणून त्याऐवजी नगराच्या हद्दीवरची शंभर निवर्तने द्यावीत. एवढाच मजकूर. युद्धानंतरचा मुलूख कसा दिसत होता, ते यापेक्षा नेमके सांगणारी ओळ प्राचीन महाराष्ट्रात शोधावी लागेल.

पुढे गौतमीपुत्राची आई, गौतमी बलश्री, हिने नातू पुळुमावीच्या एकोणिसाव्या राज्यवर्षी त्याच लेण्यात मुलाची थोरवी कोरवली. क्षहरात वंश निःशेष करणारा, ज्याची वाहने तीन समुद्रांचे पाणी प्याली असा, असे तिने त्याचे वर्णन केले. त्याच्या ताब्यातल्या प्रदेशांच्या यादीत अपरान्त आहे. अपरान्त म्हणजे उत्तर कोकण, आजचा पालघर जिल्हा ज्यात मोडतो तो पट्टा.

एवढ्याशा पट्टीसाठी दोन घराणी का झुंजली, याचे उत्तर समुद्रात होते. इ.स.पूर्व ३१ मध्ये ग्रीसच्या किनाऱ्यावर ॲक्टियमची लढाई झाली. क्लिओपात्रा आणि अँटनी हरले, पुढच्या वर्षी इजिप्त रोमच्या घशात गेला आणि तांबड्या समुद्राचा दरवाजा रोमी पैशाला उघडला. स्ट्रेबो लिहितो की त्याच्या काळात एका मायोस होर्मोस बंदरातून १२०पर्यंत जहाजे हिंदुस्थानकडे निघत. भूमध्य समुद्रातल्या त्या एका लढाईने सोपारे, कल्याण, भडोच या बंदरांचा भाव वाढवला. ‘पेरिप्लस’ या पहिल्या शतकातल्या ग्रीक खलाशी-मार्गदर्शिकेत तर भांडणाचे चित्रच आहे. कल्याण पूर्वी कायदेशीर व्यापाराचे बंदर होते. आता तिथे चुकून शिरलेले ग्रीक जहाज पहाऱ्यात भडोचला नेतात. दुसऱ्याच्या बंदराची गिऱ्हाइके पळवायची आणि जकात आपल्या नाक्यावर वसूल करायची, हा त्या काळचा व्यापारी खाक्या. त्याच सुमाराला उषवदाताने भडोच ते सोपारे रस्त्यावर फुकट होड्या ठेवाव्यात, यात पुण्याबरोबर हिशेबही असणार.

गौतमीपुत्राचा विजय निर्णायक होता, पण कायमचा नव्हता. इ.स. १५०च्या सुमाराच्या जुनागढ लेखात शक महाक्षत्रप रुद्रदामन सांगतो की दक्षिणापथाच्या सातकर्णीला त्याने दोनदा हरवले, पण जवळचे नाते असल्याने समूळ उखडले नाही. त्याच्या प्रदेशांच्या यादीत पुन्हा अपरान्त आहे. कान्हेरीच्या लेखातून दिसते की एका सातवाहन राजाची राणी महाक्षत्रपाची मुलगी होती. आणि १८८२ साली भगवानलाल इंद्रजींनी सोपाऱ्याचा स्तूप, गावकऱ्यांचा ‘बुरूडराजाचा कोट’, उकरला तेव्हा एकात एक बसवलेल्या करंडकांबरोबर चांदीचे एक नाणे निघाले. ते यज्ञश्री सातकर्णीचे, नंतरच्या सातवाहनाचे. त्यावर राजाचा चेहरा आहे, अगदी क्षत्रपांच्या नाण्यांसारखा. मुलूख परत घेताना जेत्याने हरलेल्याची टांकसाळीची रीतही उचलली, कारण या किनाऱ्याच्या बाजाराला चेहऱ्याच्या नाण्यांची सवय झाली होती.

या किनाऱ्यावरची पुढची मोठी झुंज नवसारीची. क्रीझीच्या यादीत फ्रान्समधली ७३२ सालची तूरची लढाई आहे. तिथे उमय्यद खिलाफतीची पश्चिमेकडची धाव अडली. जेमतेम सहा-सात वर्षांत त्याच खिलाफतीची पूर्वेकडची फौज सिंध, कच्छ, सौराष्ट्र तुडवत दक्षिणेकडे सरकली. लाट, म्हणजे दक्षिण गुजरात, इथल्या चालुक्य घराण्यातल्या अवनिजनाश्रय पुलकेशीने तिला नवसारीपाशी रोखले. ७३९च्या सुमाराच्या त्याच्या ताम्रपटात या ताजिक, म्हणजे अरब, सैन्याचा उल्लेख आहे, आणि बदामीच्या सम्राटाने खूश होऊन दिलेल्या पदव्याही. त्यातली एक दक्षिणापथाचा आधारस्तंभ, दुसरी न हटणाऱ्यांना हटवणारा.

सुमारे हजार वर्षांनी, जानेवारी १७३९ मध्ये, चिमाजी अप्पांच्या फौजा तारापूरच्या पोर्तुगीज किल्ल्याला भिडल्या. तिथे बाजी भिवराव रेठरेकर गोळी लागून पडले. मे महिन्यात वसई पडली. त्या मोहिमेची पत्रे आहेत, तारखा आहेत, पडलेल्यांची नावे आहेत. नहपान कुठे आणि कसा हरला, याचे असे एकही पत्र नाही.

तारापूरच्या किल्ल्यालगत चिंचणी आहे. तिथे विसाव्या शतकाच्या मध्यावर काही ताम्रपट सापडले. त्यातला एक शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा. तेव्हा राज्य राष्ट्रकूटांचे होते आणि संजाणचा कारभार मधुमती सुगतिप या ताजिकाकडे होता. मधुमती म्हणजे मोहम्मद. नवसारीला हरलेल्या फौजेच्या जमातीतला माणूस दोनशे वर्षांनी दख्खनच्या सम्राटाचा मांडलिक होऊन आसपासची बंदरे सांभाळत होता, आणि त्याच्याच अमलात एका मठाला दान दिल्याचा हा ताम्रपट आहे. या मोहम्मदाने केलेली लोकोपयोगी कामेही त्यात नोंदवली आहेत. संजाणला त्याने अन्नछत्र घातले, साळीचा भात, कालवण आणि तूप, कुणालाही. आणि दोन नद्यांवर फुकट होड्या ठेवल्या.