उरलेल्या जठराचे काय होते?

पचनसंस्थेची आकृती फळ्यावर काढताना आपण जठर पिशवीसारखे दाखवतो. पण ही नुसती अन्न साठवण्याची पिशवी नव्हे. तिच्या निरनिराळ्या भागांची कामे निरनिराळी आहेत. मग तिचा खालचा भाग कापून टाकला, तर वरचा भाग पूर्वीसारखाच राहील का?

हा प्रश्न केवळ पुस्तकी नाही. १९७०च्या दशकापर्यंत जठरातील किंवा लहान आतड्याच्या सुरुवातीचा व्रण, म्हणजे अल्सर, औषधांनी आटोक्यात आला नाही तर अनेकदा जठराचा खालचा भाग काढून टाकीत. कळमनुरीसारख्या गावातही सत्तरी ओलांडलेल्या एखाद्या आजोबांच्या पोटावर अशा शस्त्रक्रियेची उभी खूण असू शकते. अशा रुग्णांपैकी थोड्या जणांना उरलेल्या जठरात पुढे कर्करोग होतो. मूळ व्रण कर्करोगाचा नसतानाही असे का व्हावे?

जठराचा खालचा भाग काढण्याची पहिली यशस्वी शस्त्रक्रिया १८८१ साली व्हिएन्ना येथे थिओडोर बिलरोथ यांनी केली. १८८५ साली त्यांनी दुसरी पद्धत वापरली. तीत उरलेले जठर लहान आतड्याच्या पुढच्या भागाला जोडले जाते. अल्सरच्या शस्त्रक्रियेनंतर उरलेल्या जठरात झालेल्या कर्करोगाकडे १९२२ साली अमेरिकेतील शल्यचिकित्सक बाल्फोर यांनी लक्ष वेधले.

आता कारणे पाहू. जठराचा खालचा भाग गॅस्ट्रिन हे संप्रेरक तयार करतो. ते रक्तातून वरच्या भागातील पेशींकडे जाते आणि हायड्रोक्लोरिक आम्ल स्रवण्याचा इशारा देते. खालचा भाग गेला की इशारा कमी होतो व आम्ल घटते. अल्सर बरा होण्यासाठी नेमके हेच हवे असते. पण तीव्र आम्लात बहुतेक जीवाणू तग धरत नाहीत. आम्ल घटताच ते वाढू लागतात. त्यांतील काही जीवाणू अन्नपाण्यातील नायट्रेटचे नायट्राइट करतात. त्यापासून बनणारी काही नायट्रोसो संयुगे प्राण्यांमध्ये कर्करोग घडवतात, असे प्रयोगांत दिसले आहे. मात्र माणसाच्या उरलेल्या जठरात या साखळीचा वाटा किती, याविषयी अजून एकमत नाही.

दुसरे कारण पित्ताचे. जठराच्या खालच्या टोकाशी असलेली झडप शस्त्रक्रियेत जाते, त्यामुळे आतड्यातील पित्त व स्वादुरस मागे फिरून जठरात येतात. त्यांनी अस्तराला सतत दाह होतो. मेलेल्या पेशींची जागा भरण्यासाठी उरलेल्या पेशी वारंवार विभागतात आणि जितकी विभाजने अधिक, तितकी जनुकांत चूक राहण्याची संधी अधिक. दुसऱ्या पद्धतीत पित्ताचा मारा जास्त असतो, आणि कर्करोगही पुष्कळदा जोडाजवळच आढळतो.

या चुका साठण्यास वेळ लागतो. म्हणूनच हा कर्करोग बहुधा पंधरा-वीस वर्षांनी किंवा त्याहूनही उशिरा दिसतो. पाच-दहा वर्षेच पाहणी केली असती, तर शस्त्रक्रियेचा हा परिणाम हाती लागलाच नसता. कारण आणि परिणाम यांत एवढे अंतर असू शकते, ही गोष्ट विद्यार्थ्यांना आवर्जून सांगण्याजोगी आहे.

पुढे चित्र बदलले. १९७०च्या दशकाच्या उत्तरार्धात सिमेटिडिन हे आम्ल कमी करणारे औषध आले. १९८२ साली ऑस्ट्रेलियात वॉरेन व मार्शल यांनी अल्सरशी निगडित असलेला हेलिकोबॅक्टर पायलोरी हा जीवाणू वेगळा केला. त्यांना २००५ साली नोबेल पारितोषिक मिळाले. आता बहुतेक अल्सर औषधांनीच बरे होतात. हा जीवाणू जठराच्या कर्करोगाचेही एक कारण आहे, म्हणून उरलेल्या जठरातही तो शोधून नष्ट करणे हिताचे ठरते.

परंतु १९७५ साली पंचविशीत शस्त्रक्रिया झालेला माणूस आज पंचाहत्तरीत आहे. भूक मंदावणे, वजन घटणे, रक्तक्षय, काळी शौच ही लक्षणे दिसली, तर 'वयच झाले' किंवा 'ऑपरेशनपासून असेच आहे' असे म्हणून सोडून देऊ नये. अशा शस्त्रक्रियेनंतर लोह व ब-१२ कमी पडून साधा रक्तक्षयही होतो, म्हणून नुसत्या लक्षणांवरून निदान होत नाही. त्यासाठी तोंडातून दुर्बीण घालून जठर पाहावे लागते आणि संशयित जागेचा तुकडा तपासावा लागतो. रोग लवकर सापडला तर उपचारांना यश येण्याची शक्यता बरीच वाढते.

अशी शस्त्रक्रिया झालेल्या बहुसंख्य लोकांना हा कर्करोग होत नाही. घाबरण्याचे कारण नाही. आमची सूचना एवढीच की घरातील आजी-आजोबांच्या पोटावर जुनी खूण असेल, तर ती शस्त्रक्रिया कोणती व कोणत्या साली झाली हे विचारून लिहून ठेवावे, जुने कागद जपावेत आणि डॉक्टरांकडे जाताना ही माहिती न विचारताही सांगावी.