घ्या बघू मागे

अवजड वाहनाचा परवाना खिशात असला म्हणजे ट्रकची नोकरी मिळाली असे होत नाही. मधली चार-सहा वर्षे घरी गेली असतील तर आणखीच नाही. कारखाना बंद पडतो, आजारपण येते, शेतीकडे बघावे लागते, २०२०च्या टाळेबंदीत काम सुटते ते सुटतेच. खंड का पडला याची फारशी चौकशी मालक करत नाही. तो विचारतो, शेवटची गाडी कोणती होती, कोणाकडे होतात, इथे ओळखणारे कोण आहे? अर्जाची पद्धत नसलेल्या या धंद्यात जुन्या मालकाला केलेला एक फोन हेच प्रमाणपत्र. खंड नडतो तो इथे. तो नंबर बदललेला असतो, ती फर्म बंद पडलेली असते, बरोबरचा क्लीनर गावी गेलेला असतो. जो पहिल्यांदाच ट्रककडे वळला आहे त्याच्यापाशी तर फोन लावायला नंबरच नसतो.

सुरुवात तरीही कागदापासूनच करावी लागते. परवान्याच्या कार्डावर दोन मुदती असतात, एक खासगी वाहनांची आणि दुसरी ‘ट्रान्सपोर्ट’ची. पहिली लांबची तारीख बघून माणूस निर्धास्त राहतो, तोवर दुसरी संपून गेलेली असते. कायद्यातल्या २०१९च्या दुरुस्तीनंतर ट्रान्सपोर्टची मुदत पाच वर्षांची आहे. ती संपून एक वर्ष उलटले तर नुसते नूतनीकरण होत नाही, वाहन चालवण्याची चाचणी पुन्हा द्यावी लागते. ज्याच्याकडे फक्त मोटारीचा परवाना आहे त्याला ट्रान्सपोर्टचा शिकाऊ परवाना काढण्याआधी हलक्या वाहनाच्या परवान्याला एक वर्ष झालेले असावे लागते, आणि वय किमान वीस. आठवी पासची अट २०१९मध्येच गेली. डॉक्टरचा दाखला मात्र लागतो. चाळिशी लागलेल्या माणसाने आधी डोळे तपासून घेतलेले बरे. रात्री समोरच्या दिव्यांनी डोळे दिपतात हे त्याचे त्याला ठाऊक असते, पण तो ते कोणाला सांगत नाही.

नव्याला एक वाट थोडी सोपी झाली आहे. हलक्या वाहनाच्या परवान्यावर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी परवान्यावर वेगळी नोंद लागत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४मध्ये स्पष्ट केले. म्हणजे छोटा हत्ती किंवा पिकअपवर हात बसवता येतो आणि मोठ्या परवान्याचे काम मागून चालू ठेवता येते. मालक परवाना बारकाईने बघतो तो कायद्यापेक्षा विम्याच्या धाकाने. चालकाचा परवाना त्या गाडीला चालणारा नसला तर अपघातानंतर विमा कंपनी दाव्यावर हरकत घेते, आणि भरपाई मालकाच्या गळ्यात येऊ शकते.

मोठ्या लॉजिस्टिक कंपन्या अवजड गाडीचा अनुभव आणि पोलीस पडताळणी मागतात. त्यामुळे पहिले काम बहुधा दोन-चार गाड्यांच्या मालकाकडेच मिळते. असे मालक निगडीच्या ट्रान्सपोर्टनगरात, कळंबोलीच्या लोखंड बाजाराभोवती, नाशिकजवळ आडगावच्या ट्रक टर्मिनलवर, चाकणच्या चहाच्या टपऱ्यांवर भेटतात. एका दिवसात काही होत नाही. रोज दिसणारा चेहरा हळूहळू ओळखीचा होतो, आणि एखाद्याचा ड्रायव्हर लग्नाला किंवा पेरणीला गावी गेला की ‘बदलीवर जाल का’ असा सवाल येतो.

मग परीक्षा होते, ती यार्डातच. मालक किल्ली देतो आणि बाजूला उभा राहतो. तो आधी हात बघत नाही, पाय बघतो: माणूस थेट केबिनमध्ये चढतो की गाडीला एक फेरी मारतो. फेरी मारणारा मागच्या जोडचाकांना टामीने ठोकून पाहतो. हवा असलेले टायर टणटणीत आवाज देते, बसलेले बद्द वाजते. जोडातल्या आतल्या टायरची हवा गेलेली बाहेरून दिसत नाही, म्हणून हे ठोकणे. गाडीखाली तेलाचा डाग आहे का, फाळक्याच्या कड्या लागल्या आहेत का, हेही तो जाता जाता बघतो.

किल्ली फिरवल्यावर दुसरी गोष्ट कळते. एअर ब्रेकच्या गाडीत टाकीत हवा भरेपर्यंत बझर वाजत राहतो. जाणता माणूस काट्याकडे बघत थांबतो. मोटारीची सवय असलेला लगेच गिअर टाकतो, आणि हवेअभावी हँडब्रेक सुटलेलाच नसल्याने गाडी जागची हलत नाही. तो ॲक्सिलरेटर दाबतो, इंजिन नुसते ओरडते. मालकाला तेवढे पुरते.

तिसरा भाग मागे घेण्याचा. ‘घ्या बघू मागे’ म्हणून दोन उभ्या गाड्यांमधली जागा दाखवली जाते. दहा चाकी गाडी मागे वळते तेव्हा तिचे तोंड बाहेर फेकले जाते. मागच्या कोपऱ्यावर नजर खिळलेला नवखा पुढचा कोपरा शेजारच्या गाडीला घासतो. क्लीनर हौद्यावर थापा मारून इशारे देत असतो. यात एक गंमत दिसते. एका दमात गाडी लावणाऱ्यापेक्षा मध्येच थांबून, उतरून, मागे जाऊन बघून येणाऱ्यावर कित्येक मालकांचा जास्त विश्वास बसतो. उतरायला लाजणारा पुढे गोदामाचा पत्रा फाडतो, हे त्यांनी पैसे मोजून शिकलेले असते.

खंडाच्या काळात गाडीही बदललेली असते. एप्रिल २०२०पासून आलेल्या बीएस-सहा गाड्यांत डिझेलच्या टाकीशेजारी निळ्या झाकणाची एक छोटी टाकी असते. ड्रायव्हर तिला ‘युरियाची टाकी’ म्हणतात. ती रिकामी राहिली की इंजिनाची ताकद उतरते, आणि तो द्रव चुकून डिझेलमध्ये गेला तर दुरुस्ती महागात पडते. ई-वे बिल २०१८मध्ये आले, फास्टॅग फेब्रुवारी २०२१पासून सक्तीचा झाला. ई-वे बिलाला मुदत असते, साधारण दोनशे किलोमीटरला एक दिवस. बंद पडलेल्या गाडीत बसून राहिले तरी ती सरतच असते, तेव्हा मालकाला लगेच फोन करणे हेही आता ड्रायव्हरचे काम झाले आहे.

पास झालेल्याला पहिल्या एक-दोन खेपा जुन्या ड्रायव्हरशेजारी बसवतात. सपाट रस्त्यावर स्टिअरिंग हातात येते, घाटात परत जाते. पुण्याजवळ कात्रजच्या नव्या बोगद्यातून नवले पुलाकडे येणारा उतार याच काळात समजावून दिला जातो. डिझेल वाचवायला तिथे गाडी न्यूट्रल करणारे असतात. इंजिनाची ओढ सुटते, सगळा भार ब्रेकवर येतो, लायनर तापतात आणि पायाखालचा ब्रेक पकडेनासा होतो. या उतारावर असे अपघात पुन्हा पुन्हा झाले आहेत. ज्या गिअरमध्ये चढ चढायचा त्याच गिअरमध्ये उतरायचे, हा जुन्या ड्रायव्हरांचा धडा तोंडी चालत आलेला आहे.

पैशाचे बोलणे खेपेआधीच झालेले बरे. पगार किती, रोजचा भत्ता किती, डिझेलचा ॲव्हरेज काय धरला आहे आणि तो बसला नाही तर कापणार किती, हमाली-वराई कोणाची. परवान्याची झेरॉक्स द्यावी, मूळ कार्ड कोणाकडे ठेवू नये. दिवसाला आठ आणि आठवड्याला अठ्ठेचाळीस तास काम, असे मोटार परिवहन कामगारांचा १९६१चा कायदा २०२५मध्ये रद्द होईपर्यंत सांगत होता. ट्रकच्या केबिनमध्ये हे तास मोजणारा अजून कोणी भेटलेला नाही.

एकट्याची पहिली खेप सहसा जवळची आणि रोजच्या रस्त्याची असते. माल उतरला की बिल्टीच्या प्रतीवर सही-शिक्का घ्यायचा. हीच पोच. ती हातात आल्याशिवाय भाड्याची उरलेली रक्कम सुटत नाही, म्हणून गाडी परत आली की मालक आधी पोच मागतो. ‘माल कमी’, ‘भिजला’ असा शेरा आहे का ते वाचतो, मग गाडीला एक फेरी मारतो. गाडीवर नवा ओरखडा नसला तर पुढची खेप कुठली ते तिथेच सांगतो.