खोट्या माशाची डबी

व्याख्यानमालेच्या चिटणीसांनी विषय विचारला, तेव्हा आम्ही "खोटे मासे" असे उत्तर दिले. ते क्षणभर गप्पच राहिले. युनियनचा माणूस म्हटल्यावर संप, बोनस, फार तर ग्रॅच्युइटी, याच्या पलीकडे काही निघेल अशी त्यांची अपेक्षा नसावी. त्यांचा दोष नाही. तीन वर्षांपूर्वी कोणी आम्हाला हा विषय सुचवला असता, तर आम्हीही हसलो असतो.

झाले असे की, रत्नागिरीकडचे एक वृद्ध खलाशी वारले. उभा जन्म त्यांनी मालवाहू बोटींवर काढला होता. त्यांची मुलगी थकलेल्या पैशांचे कागद घेऊन आमच्या कचेरीत आली, आणि कागदांबरोबर बिस्किटांचा एक पत्र्याचा डबाही. डब्यात चौदा रंगीत मासे, बोटभरापासून वीतभर लांबीचे, पोटाशी तीन तीन काट्यांचे गळ लोंबत असलेले. शिवाय एका पिशवीत पुठ्ठ्याच्या रिकाम्या डब्या. "दादा, हे खेळणं आहे की काही कामाचं?" तिने विचारले. "मासे ठेवा, पुठ्ठे रद्दीत द्या," असे आम्ही बेधडक सांगितले. हे आमचे अज्ञान पुढे तिला चांगलेच भोवले. तो हिशेब ओघाने येईलच.

आपल्याकडे खाडीवर गरवणारा माणूस गरीला कोळंबी नाहीतर माशाचा तुकडा लावतो. वासाने आणि चवीने मासा येतो. खोटा मासा याच्या उलट, डोळ्यांना फसवतो. लाकूड, धातू किंवा प्लॅस्टिकचा हा मासा पाण्यातून ओढला की डुलतो, झोकांड्या खातो. शिकारी मासा कळपातून दुबळे सावज निवडतो, आणि हे लंगडे सोंग त्याला दुबळे वाटते.

ही गोष्ट नेमकी हेरली ती फिनलंडच्या लाउरी रापाला यांनी. जन्म १९०५ चा. मासेमारी आणि पडेल ती मजुरी करून पोट भरणारा माणूस. सरोवरावर वल्हवता वल्हवता त्यांनी पाहिले की, मोठा मासा थव्यावर धावतो तेव्हा वेडावाकडा पोहणाराच आधी उचलतो. १९३६ साली त्यांनी बुचाच्या लाकडाचा मासा कोरला. वर्ख लावला चॉकलेटच्या चांदीचा, आणि रोगण म्हणून फोटोच्या जुन्या फिल्म वितळवून फासल्या. घरात दुसरे होते काय? पुढे हलके बाल्सा लाकूड आले, आणि प्रत्येक मासा पाण्यात पोहवून, चाल पारखूनच बाहेर पाठवायचा हा शिरस्ता पडला. १९६२ च्या ऑगस्टमध्ये अमेरिकेच्या 'लाइफ' मासिकात या माशावर लेख आला. त्याच अंकाच्या मुखपृष्ठावर नुकतीच निवर्तलेली मेरिलिन मन्रो होती, त्यामुळे अंक हातोहात खपला. मागणी इतकी उसळली की कारखान्याला पुरवठा झेपेना. तिचे नशीब आणि त्या मजुराचे नशीब एका कागदावर छापले गेले, याचे आम्हाला अजून नवल वाटते.

हौशी लोक हे मासे का जमवतात? अमेरिकेत जमवणाऱ्यांची राष्ट्रीय संस्था १९७६ पासून आहे. पण नुसता मासा त्यांचे समाधान करीत नाही. त्यांना हवा असतो रंगाचा भेद. इंडियाना राज्यातील गॅरेट या गावी क्रीक चब नावाचा कारखाना होता. त्याच्या 'पायकी' या माशाचा क्रमांक ७००. पाइक माशासारखा रंगवला तर ७००, पर्चसारखा तर ७०१, पांढऱ्या अंगाचे लाल डोके असेल तर ७०२. साचा एकच, कोरीव काम एकच. शेवटचा आकडा तेवढा बदलतो. मिशिगनमधील डोवॅजॅक गावच्या हेडन कारखान्याचीही अशीच क्रमांकांची आणि अक्षरांची भाषा होती. खवले उठवण्यासाठी माशावर जाळी ताणून धरीत आणि जाळीवरून रंग फवारीत. जाळी काढली की खवले तयार! या रंगकामावर बायका मोठ्या संख्येने असत. जाळी किंचित सरकली की खवले तिरके पडत. आज तो तिरका खवला जाणकार भिंगाखाली धरतात. आम्ही तो पाहिला तेव्हा पाळीच्या शेवटच्या तासाची आठवण झाली. त्या वेळी हात कसा सरकतो, हे आमच्या सभासदांना ठाऊक आहे.

डोळ्यांवरूनही काळ कळतो. आधी काचेचे डोळे बसवीत. पुढे खर्च वाचवण्यासाठी कारखान्यांनी ते रंगाने काढायला सुरुवात केली.

आता डबी. मासे पकडणारा माणूस काठावर डबी फाडतो, मासा दोरीला बांधतो आणि डबी फेकून देतो. म्हणून मासा उरतो, डबी उरत नाही, आणि काही वेळा माशापेक्षा डबीच दुर्मिळ ठरते. तिच्या टोकावर क्रमांक असतो. तो आतल्या माशाशी जुळला तरच जोडी खरी. रापालाच्या डबीवर 'एफ-११' असेल, तर मासा तरंगणारा आणि अकरा सेंटिमीटरचा. याखेरीज देशाचे नाव. फिनलंड, आयर्लंड, एस्टोनिया हे शब्द वेगवेगळ्या काळच्या डब्यांवर दिसतात. हौशी माणूस त्यावरून वय ठरवतो. आम्ही काम कोणाच्या हातून कोणाच्या हाती गेले ते वाचतो.

जिथे दाम तिथे लबाडी आलीच. ओहायोतील रायली हॅस्केल यांनी १८५९ साली धातूच्या माशाचे पेटंट घेतले. त्यांचाच एक मोठा तांब्याचा मासा २००३ साली लिलावात १,०१,२०० डॉलरना गेला. असे आकडे कानावर आले की जुन्या लाकडावर नवा रंग चढवणारे निपजतात. ओळखायचे कसे? वापरलेल्या माशाच्या अंगावर लोंबते गळ घासून अर्धगोल ओरखडे पडतात. मासा जुना, झिजलेला, आणि नेमके गळाखालचे अंग कोरे असेल, तर शंका घ्यावी. जुन्या रंगाला भेगांचे जाळे पडते. अतिनील दिव्याखाली नवा थर अनेकदा वेगळा उजळतो. आणि साफसूफ मुळीच करू नये. घासून चकचकीत केलेल्या माशाची किंमत घासण्यातच जाते.

त्या ताईंकडे लाकडाचा एक पायकी होता, पर्चच्या रंगाचा, म्हणजे ७०१. वडिलांची बोट कधीतरी अमेरिकेच्या मोठ्या सरोवरांत गेली असावी. पिशवीत एक डबी निघाली, पण तिच्यावर क्रमांक होता ७०२. निम्म्या डब्या आमच्या सल्ल्याने आधीच रद्दीवाल्याकडे गेल्या होत्या. ७०१ ची डबी त्यांतच गेली असावी. आम्ही ताईंची माफी मागितली. त्या म्हणाल्या, "दादा, रद्दीचे अकरा रुपये आले होते." पुढे त्यांनी दहा मासे विकले. सगळे एकदम घेतो म्हणणाऱ्या माणसाला आम्ही थांबवले आणि एकेक मासा वेगळा दाखवायला लावला. तीन भाच्यांना दिले.

चौदावा त्यांनी ठेवला. रुपेरी, पाठीवर दातांच्या खुणा असलेला. त्याच्या डबीवर वडिलांनी शाईच्या पेनाने मराठीत बंदराचे नाव, तारीख आणि "तीन शेर भरला" असे लिहिले आहे. डबीवर लिहिले की किंमत उतरते, हे आम्ही त्यांना प्रामाणिकपणे सांगितले. त्यांनी डबी मिटली आणि पर्समध्ये टाकली.