दोन बेटं, दोन सरकारं

थळच्या किनाऱ्यावर बोंबील वाळत घातलेल्या वलांड्यांच्या पलीकडे बघा. समुद्रात दोन बेटं दिसतात ना? जवळचं, बुटकं ते उंदेरी. त्याच्यामागे टेकडी आणि दीपगृह असलेलं खांदेरी. होडीनं एकावरून दुसऱ्यावर पटकन जाता येतं. आणि तरीही १८१८ ते १८४० या काळात दोन्हींवर वेगवेगळी सरकारं होती! खांदेरी इंग्रजांचं, उंदेरी कुलाबा संस्थानाच्या आंग्र्यांचं. थळ गावही आंग्र्यांच्याच मुलखातलं.

हे कोडं सोडवायचं तर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टनला भेटायला हवं. १७७९ साली स्कॉटलंडमधल्या एका लॉर्डच्या घरी तो जन्मला. पण तो चौथा मुलगा. किताब आणि इस्टेट थोरल्याची, धाकट्यांनी आपलं आपण बघायचं, अशी तिथली रीत. म्हणून सोळाव्या वर्षीच स्वारी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीच्या नोकरीत, थेट कलकत्त्याला! तुमच्या दहावी-अकरावीतल्या ताई-दादाएवढं वय. १८११ मध्ये तो पुण्यात पेशव्यांच्या दरबारी रेसिडेंट, म्हणजे कंपनीचा वकील झाला. १८१७ च्या खडकीच्या लढाईत त्याचा संगमावरचा बंगला जळाला, त्यात त्याची पुस्तकंही गेली. पुढच्याच वर्षी पेशवाई बुडाली आणि पेशव्यांकडे असलेलं खांदेरी इंग्रजांच्या हाती आलं.

१८१९ मध्ये एल्फिन्स्टन मुंबईचा गव्हर्नर झाला. जुन्या राजांना गादीवर राहू द्यायचं आणि लगाम आपल्या हाती ठेवायचा, असं त्याचं राजकारण. १८२२ मध्ये कंपनीनं कुलाब्याच्या राघोजी आंग्र्यांशी तह केला. आंग्र्यांची गादी राहिली, खंडणीही माफ झाली. पण एक कलम मला फार जबर वाटतं: गादी रिकामी झाली, तर नव्या वारसाला मान्यता इंग्रजांनी द्यायची. तोफ न डागता केवढी सत्ता गेली बघा!

१८२७ मध्ये एल्फिन्स्टन गव्हर्नरपद सोडून निघाला. पुढे गव्हर्नर-जनरलपद चालून आलं, तेही त्यानं नाकारलं. त्याला लिहायचं होतं.

इकडे १८३९ मध्ये आंग्र्यांचा तान्हा वारस कान्होजी वारला. घरच्यांनी दत्तक घ्यायची परवानगी मागितली. इंग्रजांनी दिली नाही. १८४० मध्ये अख्खं संस्थान खालसा झालं, थळ आणि उंदेरीसकट.

तेव्हा एल्फिन्स्टन इंग्लंडमध्ये भारताचा इतिहास लिहीत होता. १८४१ मध्ये तो जाडजूड ग्रंथ छापून आला. पण त्यातली हकिगत १७६१ च्या पानिपतापाशीच थांबते. आंग्र्यांशी झालेला तह त्यात येत नाही.