यंत्र एकदाच, पट्टी रोजची

भाईंदर स्टेशनबाहेरच्या मेडिकलमध्ये ग्लुकोमीटर (बोटावरच्या रक्ताच्या थेंबातली साखर मोजणारे यंत्र) घेताना बहुतेक जण यंत्राचीच किंमत विचारतात. खरा खर्च रक्ताचा थेंब ज्यावर घेतात त्या पट्टीचा. शेगडी एकदाच घ्यायची, सिलिंडर पुन्हापुन्हा, तसेच हे. १९६५ मध्ये एम्स कंपनीची ‘डेक्स्ट्रोस्टिक्स’ पट्टी आली तेव्हा यंत्र नव्हतेच. पट्टीचा बदललेला रंग तक्त्याशी ताडून पाहायचा. पहिले यंत्र १९७० चे, तेही डॉक्टरांसाठी. आजही साखरेवर काम करणारे विकर (रासायनिक क्रिया घडवणारे प्रथिन) पट्टीवरच असते. यंत्र त्या क्रियेतून निर्माण झालेला सूक्ष्म विद्युतप्रवाह मोजते. पेन्शनवरच्या घराने तर आधी पट्ट्यांचाच भाव विचारावा. आणि खाडीकाठच्या दमट हवेत पट्ट्यांच्या डबीचे झाकण लगेच घट्ट लावावे. ओलावा लागलेली पट्टी चुकीचा आकडा दाखवू शकते.